रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की घरचे घाबरतात का?

‘जरा पॉझिटिव्ह विचार कर’ असं एरवी सांगणारे मित्र २०२० मध्ये ‘तू पॉझिटिव्ह तर नाहीस ना?’ असं दबक्या आवाजात विचारू लागले. यावर तेव्हा विनोदही भरपूर फिरले. एकच शब्द इथे हवासा आणि तिथे नकोसा कसा?

मुळात ‘पॉझिटिव्ह’चा चांगल्या-वाईटाशी संबंध नव्हता. ‘ठेवणे, मांडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ होता ठामपणे मांडलेलं, निश्चित. म्हणूनच ‘आय अ‍ॅम पॉझिटिव्ह’ म्हणणारा इंग्रज खुशीत असेलच असं नाही, त्याला फक्त खात्री असते. आशावादी हा अर्थ बराच नंतरचा.

तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं. बस, एवढंच. ते चांगलं की वाईट हे लॅब सांगत नाही. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर एका घरात पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरात झोप उडते.

खरा घोळ होतो तो रक्तगटात. ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणजे लाल पेशींवर आरएच-डी नावाचा घटक आहे, ‘ओ निगेटिव्ह’ म्हणजे तो नाही. यात आजार नाही की दोष नाही. त्यामुळे लग्नाच्या बायोडेटात ‘निगेटिव्ह’ वाचून कुणी नाक मुरडत असेल, तर ते एका शब्दाला घाबरतायत, रक्ताला नाही.

मात्र एका बाबतीत हा फरक जपावा लागतो. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर हीच प्रतिपिंडं त्याच्या लाल पेशी नष्ट करू शकतात. हे टाळण्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असतं. ते साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दिलं जातं. गर्भपात झाला तरी त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला हवं. आरएचविरोधी प्रतिपिंडं एकदा तयार झाली, की मग या इंजेक्शनचा उपयोग होत नाही.