अंड्यातून निघालेली मोटार

फोर्ड मोटारीच्या बॉनेटखाली अंडी ठेवलेली असतात. इंजिनाच्या उबेने ती उबतात, फुटतात, आणि आतून पिल्लांऐवजी इवल्या इवल्या फोर्ड मोटारी बाहेर येतात. इकडेतिकडे धावतात आणि शेवटी कोंबडीखाली पिल्लं जावीत तशा मोठ्या मोटारीखाली जाऊन बसतात. १९२६ सालच्या ‘एग्ड ऑन’ या अमेरिकी मूकपटातला हा प्रसंग. तो घडवणारा आणि चित्रपटाचा नायकही असलेला माणूस म्हणजे चार्ली बॉवर्स. चॅप्लिन, कीटन, लॉइड आपल्याला ठाऊक असतात. बॉवर्सचं नाव चित्रपटवेड्यांच्या गप्पांतही क्वचितच निघतं. मूक विनोदपटांत इतकं स्वतंत्र डोकं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

बॉवर्स मूळचा आयोवा राज्यातल्या क्रेस्को गावचा. आधी व्यंगचित्रकार, मग ‘मट अँड जेफ’ या व्यंगपटमालिकेच्या कामात मुरलेला. चित्रांतला अचाट खेळ खऱ्या माणसांच्या, खऱ्या सामानसुमानाच्या जगात आणायचा, हा त्याचा ध्यास. हॅरल्ड मुलर या जोडीदाराबरोबर त्याने दोन-दोन रिळांचे विनोदपट काढले आणि आपल्या तंत्राला ‘बॉवर्स प्रोसेस’ असं भारदस्त नाव दिलं. ‘नाऊ यू टेल वन’मध्ये थापाड्यांचा क्लब आहे. तिथे नायक सांगतो की, मी कशावरही कशाचंही कलम करू शकतो. उंदरांनी हैराण झालेल्या घरासाठी तो असं झुडूप लावतो की त्याच्या फांद्यांवर मांजरं धरतात. उंदीरही साधे नाहीत, एकाकडे चक्क पिस्तूल आहे. ‘देअर इट इज’मध्ये स्कॉटलंड यार्डच्या गुप्तहेराचा मदतनीस आहे काडेपेटीत राहणारा एक किडा!

हे सगळं होतं स्टॉप-मोशनने. वस्तू ठेवायची, एक फ्रेम घ्यायची, वस्तू केसभर सरकवायची, पुन्हा एक फ्रेम. सांगायला एवढंच. पण ते करताना माणसाला किती कष्ट पडतात, हे मला कळलं पुण्यात एका तरुण ॲनिमेटरच्या टेबलाशी बसल्यावर.

खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. टेबल भिंतीला स्क्रूने आवळलेलं, ट्रायपॉडचे पाय गरम गोंदाने फरशीला चिकटवलेले. मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, तर तिने आधी एक काळं जॅकेट हातात दिलं. पांढऱ्या कापडावरून उजेड उडून सेटवर पडतो आणि माणूस जरा हलला की पडद्यावर सावल्या थरथरतात. “काका, पाय टेबलाला लागू देऊ नका,” एवढं बजावून ती कामाला लागली.

समोर हातभर रुंदीचा सेट, त्यावर एक अंडं आणि त्यातून बाहेर येऊ पाहणारा मातीचा प्राणी. अंड्याची टरफलं एक नव्हे, बरीच होती. न तडकलेलं, बारीक रेघ पडलेलं, टवका उडालेलं, अर्धं उघडलेलं. दर वेळी जुनं उचलून त्याच जागी पुढचं बसवायचं. जागा चुकू नये म्हणून अंड्याला टेकवलेली एक टोकदार सुई होती. टरफल बदललं की सुईच्या टोकाशी जागा पडताळायची, सुई बाजूला करायची, मगच बटण दाबायचं. पडद्यावरचं एक सेकंद म्हणजे चोवीस फ्रेम. एका स्थितीच्या दोन फ्रेम घेतल्या तरी सेकंदाला बारा वेळा हात लावावा लागतो. मध्येच इमारतीची पाण्याची मोटर सुरू झाली आणि दिवे किंचित मंदावले. माझ्या लक्षातही आलं नसतं. ती मात्र थांबली, मोटर बंद होईपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली.

टरफलाला पहिली रेघ पडण्याआधी तिने अंडं बराच वेळ नुसतं स्थिर ठेवलं. मग जेमतेम दिसेल इतकं डावीकडे कललं. परत जागेवर. पुन्हा स्थिर. मी विचारलं, फुटणारच आहे तर हे कशाला? ती म्हणाली, “आतल्याला आधी जोर लावू दे ना. एकदम फुटलं तर कुणीतरी बाहेरून फोडल्यासारखं दिसेल.” नंतर तिने तो तुकडा चालवून दाखवला. ज्या क्षणी अंडं थांबलं होतं, नेमक्या त्याच क्षणी ते जिवंत वाटलं.

बॉवर्सच्या विनोदाचं मर्म मला इथे सापडलं. त्याची कल्पना वेडी आहे, पण कारागिरी शिस्तीची. मोटार अंड्यातून निघते हे आपण कधीच मान्य करणार नाही. पण अंड्यातून जे निघतं ते कसं धडपडतं, हे आपण पाहिलेलं असतं, आणि त्या ओळखीच्या हालचालीवर तो अशक्य गोष्ट आपल्या गळी उतरवतो. शिवाय तो स्वतः तिथेच, खऱ्या उजेडात, खऱ्या मोटारीशेजारी मख्ख चेहऱ्याने वावरतो. पुतळ्यांचं जग वेगळं आणि माणसाचं वेगळं असं त्याच्याकडे नाही. निव्वळ विचित्रपणाने माणूस चकित होतो. हसू यायला मात्र त्याला ते आधी पटावं लागतं.

आज संगणकावर मागची फ्रेम अंधूक दिसत राहते, घेतलेलं लगेच चालवून बघता येतं. बॉवर्सच्या काळी तशी सोय नव्हती. मूकपटांच्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं असे, आणि युक्तीच्या दृश्यांसाठी एका फेऱ्यात एकच फ्रेम घेणारी वेगळी जोडणी असे. फिल्म धुऊन येईपर्यंत काय जमलं आणि काय फसलं ते कळत नसे. सगळा हिशेब डोक्यात.

हाच हिशेब त्याच्याही आधी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी मांडला होता. १९१२ साली, भांडवलाची जुळवाजुळव करताना, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज एकेक फ्रेम घेतली आणि बी रुजून वेल होईपर्यंतची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखवली. १९१५ सालच्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर त्यांनी काड्यांनाच नाचवलं. तो लघुपट आज पाहायला मिळत नाही, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

बॉवर्सचंही तेच झालं असतं. बोलपट आले, ‘इट्स अ बर्ड’ या १९३० सालच्या त्याच्या बोलपटात लोखंड खाणारा पक्षी आला, आंद्रे ब्रेतॉंसारख्या अतिवास्तववाद्याने त्याची वाखाणणी केली, पण १९४६ साली तो वारला तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. फ्रान्समध्ये फिरत्या खेळवाल्यांकडून मिळालेल्या जुन्या डब्यांवर ‘ब्रिकोलो’ असं नाव होतं. तूलूझच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयातल्या रेमंड बोर्द यांनी त्यांचा छडा लावला, तेव्हा कळलं की ब्रिकोलो म्हणजेच बॉवर्स. आज त्याचे जे मूकपट पाहायला मिळतात, त्याची सुरुवात त्या डब्यांपासून झाली.

महाराष्ट्रातही जत्रांतून, तंबूंतून सिनेमा दाखवणारी घराणी होती, काही आजही आहेत. कुणाच्या माळ्यावर, वखारीत, ट्रंकेत फिल्मचे गंजके डबे पडले असतील, तर ते भंगारात देऊ नका आणि कुतूहलापोटी उघडू नका. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे कळवा. डब्यावरचं नाव ओळखीचं नसलं तरीही कळवा.