सिमेंटची होडी तरंगते!

सिमेंटची होडी बुडेल, असंच वाटतं ना? मग बादलीतल्या पाण्यावर स्टीलची वाटी अलगद ठेवून पाहा. तरंगते! पोकळ वाटी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून. होडीचंही तसंच.

लाकूड पाण्यात कुजतं. म्हणून फ्रान्समधल्या जोझेफ-लुई लांबो यांनी १८४८ साली लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंट थापून होडी बनवली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात अशी होडी मांडली होती.

अशी होडी घडवताना जाळीचे थर बांधून त्यांत सिमेंट-वाळूचा माल दाबून भरतात. मग बरेच दिवस पाणी मारतात.

तडा गेला तर? पाणी आत शिरतं, तार गंजते, गंज फुगतो, तडा रुंदावतो. म्हणून सैल सिमेंट काढायचं, गंज घासायचा, नवा माल भरायचा. पण तडा लहान आहे तोवरच हं!