मानमोडी : एका खुराड्याचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांच्या रोगावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या घरच्या कोंबड्या हा आईचा स्वतंत्र धंदा आहे. त्याला ना दुकान, ना खातेवही. अंड्यांचे पैसे ती चहापुडीच्या रिकाम्या डब्यात ठेवते, आणि माझी परीक्षा फी, बसचा पास, पुस्तके यांचा बराच खर्च त्या डब्यातून निघाला आहे. गेल्या उन्हाळ्यात बारा दिवसांत हा धंदा बुडाला. तो कशाने बुडाला आणि त्यात आमची स्वतःची चूक किती होती, याचा हा हिशेब आहे.

आमचे गाव बेळगाव तालुक्यात. जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा पाहुण्यांसाठी आठवड्याच्या बाजारातून एक कोंबडा आणला. तो जरा मलूल दिसत होता. टेम्पोतून आला, शिणला असेल, असे म्हणून आम्ही त्याला परड्यात इतर कोंबड्यांबरोबर सोडून दिले. जत्रेला तो कापला आणि पिसे, आतडी उकिरड्यावर टाकली. त्याच उकिरड्यावर आमच्या चौदा कोंबड्या दिवसभर उकरत असत. चार दिवसांनी एक तलंग दाणे टिपेनाशी झाली. डोळे मिटून, पंख सैल सोडून ती कोपऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिला हिरवट-पांढरी हगवण लागली आणि ती चोच उघडून धापा टाकू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुराड्यात मरून पडली होती, आणि आणखी दोघींच्या माना पिळल्यासारख्या वाकड्या झाल्या होत्या.

या वाकड्या मानेवरूनच मराठीत या रोगाला ‘मानमोडी’ म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात यालाच ‘कोक्करे रोग’ म्हणतात. सरकारी कागदावर तो ‘राणीखेत’ आणि इंग्रजी पुस्तकांत ‘न्यूकॅसल’. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराजवळ या रोगाने कोंबड्या मेल्या. पुढच्या एक-दोन वर्षांत आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे तो ओळखला गेला. नावे चार असली तरी रोग एकच, आणि तो विषाणूमुळे होतो.

हा विषाणू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, नाका-चोचीतल्या स्रावातून आणि श्वासातून बाहेर पडतो. दाणापाणी, माणसाच्या चपला, डालगे, पिसे, उकिरड्यावरची आतडी, यांपैकी कशावरूनही तो पुढे जातो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात; कधी दोनच, तर कधी पंधरा. म्हणजे आज धडधाकट दिसणारी कोंबडी उद्याची रोगी असू शकते. लस न टोचलेल्या कळपात रोगाचा जोर मोठा असेल तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक पक्षी दगावतात. माणसाला या रोगाचा फारसा धोका नाही. आजारी पक्षी हाताळणाऱ्याचे डोळे काही दिवस लाल होतात, इतकेच.

आम्ही काय उपाय केले? लसूण ठेचून चारला, हळदीचे पाणी पाजले. कोणी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून माणसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवल्या. यांतल्या कशानेच विषाणू मरत नाही. राणीखेत एकदा अंगात शिरला की त्यावर औषध नाही. हे आधी ठाऊक असते तर गोळ्यांचे पैसे वाचले असते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाया गेलेले चार दिवस वाचले असते.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, “राहिलेल्या तरी उद्याच्या बाजारात घाल रे. मेल्या म्हणजे हातात काय राहणार?” हा प्रश्न वरवर पाहता अगदी व्यवहाराचा आहे. मर सुरू झालेल्या घरातील प्रत्येकाला तो पडतो. पण मी जमाखर्च शिकतो, आणि जमाखर्चाचा पहिला नियम असा की एका खात्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या कुठल्यातरी खात्यावर पडतेच. रोगट कोंबडी विकल्याने तोटा नाहीसा होत नाही. तो घेणाऱ्याच्या नावावर जातो आणि तिथे वाढतो, कारण आपण एक पक्षी विकतो व त्याचे सारे खुराडे रिकामे होते. आमच्या घरी आलेला तो कोंबडाही कोणीतरी याच हिशेबाने विकला असेल, असे मला आता वाटते.

आई बाजाराला गेली नाही. मात्र नुकसान आमच्या हातून आधीच होऊन गेले होते. पहिली तलंग आजारी पडली त्या दिवशी पलीकडच्या गावची मावशी आली होती, आणि जाताना आईने तिला दोन चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या दिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात मावशीच्या नऊच्या नऊ कोंबड्या गेल्या. ती एका शब्दाने बोलली नाही. “रोगच तसला होता, त्याला तुम्ही काय करणार,” असे म्हणाली. आमच्या चौदांपैकी तीन वाचल्या.

शेवटी मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की मर सुरू झाली त्याच दिवशी का आला नाहीत? त्यांच्या म्हणण्याचे कारण पुढे वाचनात आले. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू निष्पन्न झाला, तेव्हा तेथील कुक्कुटपालकांनाही आरंभी ती राणीखेतचीच मर वाटली होती. बर्ड फ्लूचा पक्का निर्णय भोपाळच्या प्रयोगशाळेत होतो, आणि तो रोग माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘मानमोडीच आहे’ असे स्वतःच ठरवून मेलेली कोंबडी उघड्या हाताने सोलणे म्हणजे अंधारात विहिरीत उडी घेणे होय. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार जनावरांच्या अशा रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीला वा पशुवैद्याला कळवणे आणि आजारी पक्षी वेगळे ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे.

तेव्हा संशय आल्यास काय करावे, ते क्रमाने सांगतो. पहिले, आजारी पक्षी वेगळे करावेत आणि उरलेले मोकाट न सोडता कोंडून ठेवावेत. आधी निरोग्यांना दाणापाणी द्यावे, आजाऱ्यांकडे शेवटी जावे आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत. दुसरे, त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. तिसरे, मेलेला पक्षी नाकातोंडाला फडके बांधून, हातात पिशवी घालून उचलावा. डॉक्टरांना तपासायला तो हवा आहे का ते विचारावे, नको असल्यास कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. उकिरड्यावर, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नये. चौथे, घरातून कोंबडी, अंडी, डालगे काहीही बाहेर जाऊ देऊ नये. विकू नये आणि पाहुण्यालाही देऊ नये. पाचवे, मर थांबल्यावर खुराडे खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, ब्लीचिंग पावडर वा चुना मारून उन्हात वाळवावे आणि निदान महिनाभर नवा पक्षी आणू नये. पुढे नवा पक्षी आणला तरी दोन-तीन आठवडे तो वेगळा ठेवावा. आम्ही तो कोंबडा दोन आठवडे वेगळा ठेवला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

खरा उपाय मात्र रोग येण्यापूर्वीचा आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा किंवा एफ-वन लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत घालतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा देतात, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही लस टोचतात. ही आर-टू-बी १९४० च्या दशकात कुमाऊँतच, मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली. ज्या डोंगराचे नाव रोगाला मिळाले, त्याच डोंगरातून लसही आली. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची असते.

मग खेड्यात ती का दिली जात नाही? इथे पुन्हा वाणिज्य येते. लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची. बाटली थंड ठेवावी लागते, आणि एकदा औषध कालवले की दोनेक तासांत संपवावे लागते. दहा-बारा कोंबड्यांच्या घराने ती आणली तर नव्वद मात्रा फुकट जाणार. म्हणून कोणीच आणत नाही. वास्तविक शंभर मात्रांच्या बाटलीची किंमत एका गावठी कोंबडीपेक्षा कमी आहे. अडचण पैशाची नसून एकत्र येण्याची आहे.

या दिवाळीनंतर मी गल्लीत घरोघर फिरून मोजणी केली. मराठी आणि कन्नड मिळून अकरा घरे, शहाण्णव कोंबड्या. कोणाला मानमोडी सांगितले, कोणाला कोक्करे रोग. एका घरी लशीने अंडी बंद होतात अशी भीती होती. डॉक्टरांनी दोन शब्द बोलल्यावर ती गेली. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणली आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी काम उरकले. प्रत्येक कोंबडीमागे खर्च आला तो चॉकलेटच्या गोळीएवढा.

आईच्या वाचलेल्या तिघींपैकी एक नंतर खुडूक बसली. तिची सात पिल्ले सध्या परड्यात आहेत. ती मोठी होऊन लस टोचून झाली, म्हणजे त्यांतल्या दोन तलंगा मावशीकडे पोहोचवायच्या असे आईने ठरवले आहे. मावशीच्या नऊ गेल्या होत्या. उरलेल्या सातांची बाकी अजून आमच्याच नावावर आहे.