उशिराचा वाटाणा

निवृत्तीनंतर मी घरामागे परसबाग करतो. कादंबरीतली माणसे माझे ऐकत नाहीत, निदान भाज्या तरी ऐकतील, अशी भाबडी समजूत होती. भेंडीने ती पहिल्याच पावसाळ्यात मोडली. पांढरी माशी आली आणि पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या. शेजारच्या आजी कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, "केवडा पडलाय. रोगट झाडं उपटा, बाकीची वाचतील." विषाणूवर औषध नसते, हे मला तेव्हा कळले.

चवळीवर मावा आला तेव्हा मी शहाणा झालो होतो. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळून फवारल्या. उरलेला मावा ढालकिड्यांनी फस्त केला.

खरी फजिती वाटाण्याने केली. तो दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरायचा. मी मात्र कादंबरीची मुद्रिते तपासत बसलो. आठ दिवसांनी काय बिघडते, असे म्हणता म्हणता डिसेंबर उजाडला. वेल सुरेख चढले. फेब्रुवारीत पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसली. या बुरशीला करप्यासारखी ओली पाने लागत नाहीत. दिवसाची कोरडी ऊब आणि रात्रीचा गारवा तिला पुरतो. गंधक फवारले, पण वरून ऊन तापू लागले होते. शेंगा पोचटच राहिल्या. वेळेवर पेरलेला वाटाणा भुरीचा जोर वाढण्याआधीच बहुतेक शेंगा देऊन मोकळा होतो.

पांढरे पान बोटांनी पुसताना 1988 साल आठवले. मी तालुक्याच्या शाखेत पीककर्जे पाहत होतो. एका शेतकऱ्याने दसऱ्याआधी वाटाण्यासाठी अर्ज दिला होता. सातबाऱ्यावरच्या आणि अर्जातल्या नावात एका वेलांटीचा फरक होता. मी त्याला दोनदा परत पाठवले. डिसेंबरात कर्ज मंजूर झाले. नोटा मोजून घेताना तो एवढेच म्हणाला, "साहेब, पैसं आलं, पण थंडी चालली."

मार्चमध्ये त्याचे शेत पाहून मी शेरा लिहिला : 'भुरी रोगामुळे पीक बुडाले.' पुढे हप्ता थकला तेव्हा नोटिशीवर सहीही माझीच होती.

रोगाचे नाव मी बरोबर लिहिले होते. कारण लिहायचे राहिले. ते दोन महिने माझ्याच टेबलावर पडून होते.