बेथलेहेम : लहानपणाचा संहितागत प्रवास

बेथलेहेम हे नाव ख्रिस्तजन्माशी इतके एकजीव झाले आहे की, नव्या करारातील २७ ग्रंथांपैकी केवळ तिघांत, म्हणजे मत्तय, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत, ते आढळते ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मार्क त्याचा उल्लेखही करीत नाही. यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे ९ किलोमीटरवरील या गावाचे माहात्म्य उल्लेखांच्या संख्येत नसून, जुन्या संहितेचे नव्या संहितेत जे पुनर्वाचन झाले त्यात आहे.

हिब्रू भाषेत 'बेथ' म्हणजे घर आणि 'लेहेम' म्हणजे भाकर. रूथच्या ग्रंथाचा आरंभ या भाकरीच्या घरातच पडलेल्या दुष्काळाने होतो. मराठी बायबलमध्ये विशेषनाम जसेच्या तसे उतरल्यामुळे हा उपरोध मराठी वाचकापर्यंत पोहोचत नाही. अनुवादाची ही एक अटळ हानीच म्हणावी लागेल. याच गावी आलेली मवाबी, म्हणजे परकीय, विधवा रूथ पुढे दावीद राजाची पणजी ठरते. दावीदही इशायाच्या मुलांतील सर्वांत धाकटा; शमुवेल अभिषेकासाठी येतो तेव्हा तो मेंढरे राखीत असतो. क्षुल्लकाची निवड हे कथासूत्र असे या गावाशी आधीच जडलेले आहे.

मीखा या संदेष्ट्याच्या ग्रंथात हे सूत्र उघडपणे मांडले जाते. यहूदाच्या कुळांत बेथलेहेम लहान, तरीही इस्राएलाचा शास्ता तेथूनच निघेल, असा तेथील आशय आहे. त्याच ग्रंथात यरुशलेमच्या विध्वंसाचे भाकीतही आहे, हे विसरता कामा नये. राजधानीवरचा विश्वास उडाला असता संदेष्टा राजवंशाच्या मूळ गावाकडे वळतो.

मत्तय हेच वचन उद्धृत करतो, पण त्याचा अर्थ उलटवून: बेथलेहेम मुळीच कनिष्ठ नाही, असे त्याचे रूप होते. 'कुळां'च्या जागी 'अधिपती' येतात. स्वरचिन्हांविना लिहिलेल्या हिब्रू व्यंजनांचे वेगळे वाचन हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासक सांगतात. शेवटी मेंढपाळाची प्रतिमा दावीदाच्या राज्यारोहणाच्या प्रसंगातून जोडली जाते. या फेरफाराला स्मरणदोष म्हणणे पुरेसे नाही. मीखासाठी लहानपण ही वस्तुस्थिती होती. मत्तयाच्या दृष्टीने जन्म घडून गेल्यामुळे ती संपुष्टात आली आहे. शिवाय हे सुधारित वचन तो यरुशलेमच्याच मुख्य याजकांच्या व शास्त्र्यांच्या मुखी घालतो. ज्यांना गाव ठाऊक आहे ते तिकडे जात नाहीत. जातात ते पूर्वेकडचे परदेशी ज्ञानी.

लूकची रीत निराळी. जुन्या करारात 'दावीदाचे नगर' ही संज्ञा प्रामुख्याने सियोनच्या गडाला, म्हणजे यरुशलेमला, लागते. लूक ती बेथलेहेमला देतो. त्याने सांगितलेल्या नावनिशीचा काळ हेरोदाच्या मृत्यूशी जुळत नाही, हा इतिहासकारांचा आक्षेप रास्तच आहे. मात्र राजधानीची उपाधी एका खेड्याकडे नेण्याच्या या कृतीचे मोल त्याने उणावत नाही.

योहानाच्या सातव्या अध्यायात लोकसमुदाय येशूविरुद्ध हेच शास्त्रवचन पुढे करतो : ख्रिस्त बेथलेहेमहून यायचा, हा तर गालीलातला. या आक्षेपाला कोणीच उत्तर देत नाही. निवेदकही नाही.