विश्लेषण : बाळाचे वय एक की दोन? मुदतीआधी जन्मलेल्या मुलांच्या घरातले गणित

‘वर्षाचा झाला ना? मग अजून उभा नाही राहत का जी?’

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला किंवा अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये विचारला जाणारा हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी साधा असतो. पण ज्या आईचे बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मले आणि काही आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आले, तिला तो बोचतो. उत्तर द्यायला तिच्याकडे दोन आकडे असतात. जन्मतारखेप्रमाणे मूल वर्षाचे झालेले असते. मेंदू आणि स्नायूंच्या वाढीच्या हिशेबाने ते अजून दहा महिन्यांचेही नसते. दोन्ही आकडे खरे आहेत. घोळ होतो तो एकाच्या जागी दुसरा वापरल्यावर.

ही अडचण मोजक्या घरांची नाही. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यातली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात होती. बाळ वाचले, घरी आले, की बातमी संपते. घरच्यांचे पुढचे दोन वर्षांचे काम तिथून सुरू होते आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

आधी ‘सातमाशी’चा गैरसमज

‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’, हे आपल्याकडे आजही ठामपणे सांगितले जाते. ही समजूत फक्त आपलीच नाही. प्राचीन ग्रीक वैद्यकातही आठव्या महिन्यातल्या बाळाविषयी असेच मानले जाई. वस्तुस्थिती उलटी आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या, मेंदूच्या आणि वजनाच्या फायद्याचा असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची स्थिती सातव्यातल्या बाळापेक्षा साधारणपणे चांगलीच असते. त्यामुळे आठमाशी बाळाच्या आईला धास्तावण्याचे आणि सातमाशी बाळाच्या घरी बिनधास्त राहण्याचे, दोन्हींचे कारण नाही.

करेक्टेड एज म्हणजे काय?

डॉक्टर ज्याला ‘करेक्टेड एज’ म्हणतात, ते सुधारित वय काढायला पहिलीतली वजाबाकी पुरते. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. बाळ जितके आठवडे आधी आले, तितके आठवडे जन्मतारखेच्या वयातून वजा करायचे. (आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांच्या भाषेत हा ऑफसेट. मोजपट्टी तीच, फक्त शून्य दुसरीकडे.)

समजा, डॉक्टरांनी १२ फेब्रुवारी ही तारीख दिली होती आणि बाळ ३०व्या आठवड्यात, म्हणजे ४ डिसेंबरलाच जन्मले. फरक दहा आठवड्यांचा. पुढच्या ४ डिसेंबरला घरात केक कापला जाईल, तेव्हा या मुलाचे सुधारित वय साधारण ९ महिने ३ आठवडे असेल. त्या वयाचे बाळ रांगत असेल, धरून उभे राहायचा प्रयत्न करत असेल, तर ते मागे नाही. ते वेळेवरच आहे.

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, चालणे, बोलणे हे सारे साधारण दोन वर्षांपर्यंत सुधारित वयानेच तपासायचे असते. फारच लवकर जन्मलेल्या मुलांसाठी काही डॉक्टर याच्याही पुढे जातात. आधाराशिवाय चालायला मुले दीड वर्षापर्यंत वेळ घेऊ शकतात. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी ही दीड वर्षे १२ ऑगस्टला पुरी होतात. ४ जूनपासून घरात रडारड करण्याची गरज नाही.

पण लस कोणत्या वयाने?

इथे मात्र वजाबाकी करायची नाही. लसीकरण जन्मतारखेप्रमाणेच होते. जन्माच्या वेळच्या लसी बाळ स्थिर होईपर्यंत डॉक्टर लांबवू शकतात. पण ‘बाळ अजून लहान आहे, दोन महिने थांबू’ हे घरी ठरवायचे नसते. आपल्या उदाहरणात सहा आठवड्यांच्या लसी १५ जानेवारीला येतात. तेव्हा त्या बाळाचा ठरलेला जन्मदिवसही उजाडलेला नसतो. तरीही बाळ स्थिर असेल तर लस त्याच सुमाराला. ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याला लस उशिरा देण्यात काहीच फायदा नाही.

वरचे अन्न हा मधला प्रश्न आहे. उष्टावणाचा मुहूर्त आजीने सहाव्या महिन्यात काढलेला असतो. मुलाची मान सावरली आहे का, ते आधाराने बसते का, घास जिभेने बाहेर ढकलते का, हे पाहून डॉक्टर वेळ सांगतात. मुहूर्त पुढे गेला तरी चालतो.

जगाच्या तक्त्यात नागपूरची बाळे

वजनाचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. ‘बारीक दिसून राहिला’ हे वाक्य ऐकले नाही, असे मुदतपूर्व बाळाचे घर विदर्भात सापडणे कठीण. अशा बाळाचे वजन नेमके कशाशी ताडायचे, याचे एक उत्तर शोधण्यात नागपूरचा हात आहे. ही गोष्ट नागपुरातही फार जणांना माहीत नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘इंटरग्रोथ-२१’ नावाचा अभ्यास २००९ मध्ये सुरू झाला. निरोगी आईच्या पोटात बाळ कसे वाढते आणि जन्मल्यावर कसे वाढते, हे जगाच्या आठ भागांत एकाच पद्धतीने मोजायचे होते. ब्राझीलमधील पेलोटास, इटलीतील तुरीन, केनियातील नैरोबी, ओमानमधील मस्कत, चीनमधील बीजिंग, अमेरिकेतील सिएटल, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि भारतातून नागपूर. नागपूर केंद्राचे काम केतकर रुग्णालयातून डॉ. मनोरमा पुरवार यांच्या नेतृत्वाखाली चालले. या प्रकल्पातून २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये मुदतपूर्व बाळांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. त्यासाठी मोजलेली मुदतपूर्व बाळे होती २०१. आकडा लहान वाटतो, पण त्यात फक्त अशा माता होत्या ज्यांचे आरोग्य आणि पोषण चांगले होते आणि बाळांना शक्यतो आईचे दूध मिळत होते.

या तक्त्यातली मेख आपल्या विषयाला धरून आहे. त्यात वय जन्मापासून मोजतच नाहीत. ते गर्भारपणाच्या आठवड्यांपासून पुढे ६४ आठवड्यांपर्यंत, म्हणजे सुधारित वय सहा महिन्यांचे होईपर्यंत जाते. तिथे हा तक्ता पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याला येऊन मिळतो. याच प्रकल्पाने नागपूरसह पाच ठिकाणच्या मुलांना पुढे दोन वर्षांच्या वयात पुन्हा तपासले. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की पोषण आणि आरोग्य चांगले असेल तर दोन वर्षांच्या मुलांची चाल, भाषा आणि समज ऑक्सफर्डमध्ये असो वा नागपुरात, जवळपास सारखीच असते. ‘आपल्याकडची मुलं बारीकच असतात’ हे म्हणणे त्यामुळे दोन्ही बाजूंनी लंगडे पडते.

घरच्यांसाठी याचा उपयोग साधा आहे. वजन, उंची आणि डोक्याचा घेर, तिन्ही नोंदी आणि तारखा एका वहीत ठेवायच्या. एका दिवसाचे वजन फार काही सांगत नाही. रेषा वर जाते आहे की आडवी झाली आहे, हे सांगते. अंगणवाडीत वजन करताना बाळ किती आठवड्यांत जन्मले, हे सेविकाताईंना सांगावे. नाहीतर जन्मतारखेच्या हिशेबाने मूल उगाच धोक्याच्या रंगात जाऊन बसते.

एक तारीख मात्र चुकवायची नाही

डोळ्यांची. मुदतपूर्व बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. काही बाळांमध्ये त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जाऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. या आजाराला डॉक्टर ‘आरओपी’ म्हणतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. भारतातील सूचना अशा की ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी. फारच लहान बाळांची त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांत. आपल्या उदाहरणात ही तारीख ३ जानेवारी आहे, सुधारित वय शून्याच्याही खाली असताना. वेळेत सापडले तर लेसर किंवा इंजेक्शनने बहुतेक डोळे वाचवता येतात. उशीर झाला तर उपाय उरत नाही.

यातला खरा धोका सुट्टी मिळण्याच्या दिवशी असतो. मेडिकल, मेयो, डागा किंवा खासगी रुग्णालयांत गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्यापासून बाळे येतात. वजन वाढले की घरी जायची घाई असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण डोळ्यांची पुढची तारीख सुट्टीच्या कागदावर एका कोपऱ्यात असते. एकदा तपासले म्हणजे झाले, असेही नाही. पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा यावे लागते. माझ्या मते बाळाला घेऊन दवाखान्याबाहेर पडण्याआधी सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच: डोळे कधी, कुठे दाखवायचे? त्याच्या जोडीला कानाची ‘बेरा’ चाचणी.

मालीश, धुरी आणि मे महिना

ही बाळे थंडी सोसू शकत नाहीत, कारण त्वचेखाली चरबी कमी असते. म्हणून सुरुवातीला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत सांगितली जाते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एदगार रे सानाब्रिया यांनी इन्क्युबेटरच्या टंचाईतून ती सुरू केली. बाबा, आजी, मावशी कुणीही करू शकते. पण हीच सवय पुढे दुसऱ्या टोकाला जाते. नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना दीड वर्षाच्या मुलाला टोपी आणि मोजे घातलेले दिसतात. त्या वयात मोठ्यांना जितके कपडे लागतात, साधारण तितकेच त्याला पुरतात. मे महिन्यात घामोळे आणि पाणी कमी पडणे, ही चिंता थंडीपेक्षा मोठी.

हलक्या हाताने मालीश चालते. शेगडीवरची ओवा-वेखंडाची धुरी नको. ज्या फुप्फुसांनी आधीच कष्ट घेतले आहेत, त्यांना धूर कोणताही असो, त्रासच देतो. पहिले दोन हिवाळे सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून जपावे लागते आणि ‘पापा नका घेऊ’ हे पाहुण्यांना सांगण्याचे काम आईवर न टाकता घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. लोहाचे थेंब शी काळी होते म्हणून बंद करू नयेत. शरीरातला लोहाचा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि या बाळाला ते महिने पुरते मिळालेलेच नसतात.

चालायला उशीर होतो म्हणून मामा बसवायचा वॉकर आणतो. तो परत करावा. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पडण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ढकलत चालायचा जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. पण तोही मूल धरून उभे राहू लागल्यावरच.

खरोखर उशीर होत असेल तर?

सुधारित वयाचा आधार घेऊन सगळेच पुढे ढकलणे ही दुसरी चूक. सुधारित वयाने चार महिने होऊनही मान सावरत नाही, मुठी सतत आवळलेल्या राहतात, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतात, वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरते, आवाजाकडे वळत नाही, आलेले कौशल्य हरवते, अशा वेळी ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. सेरेब्रल पाल्सीसारखे निदान पक्के व्हायला वेळ लागू शकतो, पण फिजिओथेरपी त्यासाठी थांबत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे बालरोगतज्ज्ञ, थेरपी, कान-डोळे यांची तपासणी मोफत मिळते. वाट आशाताईंना माहीत असते. नवजात बाळाच्या घरी जाऊन पाहणारी आशाताई ही कल्पनाही विदर्भातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित बायांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

आईची रजा कुठे संपते?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे. आपल्या उदाहरणात रजा ४ डिसेंबरला सुरू झाली तर ४ जूनच्या सुमारास संपते. त्या दिवशी बाळाचे सुधारित वय असते १६ आठवडे. म्हणजे कागदावर सहा महिन्यांचे बाळ पाळणाघरात ठेवताना प्रत्यक्षात पावणेचार महिन्यांचे ठेवायचे. त्यातले कित्येक आठवडे रुग्णालयाच्या बाकावर गेलेले. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून नवजात कक्षात राहिलेल्या बाळाच्या पालकांना १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा दिली. आपल्याकडे मुदतपूर्व प्रसूतीमुळे आई स्वतः आजारी असेल तर पुराव्यावर एक महिन्याची जादा पगारी रजा कायद्यात आहे. ती मागायला हवी, कारण आपणहून क्वचितच कुणी सांगते. झोप उडणे, सतत रडू येणे, मोजमापाचा ध्यास लागणे हे आईला किंवा बाबांनाही होत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आणि शेवटी शाळा

दोन वर्षांनंतर सुधारित वय डॉक्टरही विचारेनासे होतात. शाळा मात्र जन्मतारखेला बांधलेली आहे. महाराष्ट्रात प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला मोजतात. आपले ४ डिसेंबरचे मूल त्यामुळे वर्गातले जवळपास सर्वांत लहान ठरते. ठरल्या दिवशी, १२ फेब्रुवारीला जन्मले असते, तर ते पुढच्या वर्षीच्या तुकडीत सर्वांत मोठ्यांपैकी असते. नियम किमान वयाचा आहे, तेव्हा एक वर्ष थांबण्याचा पर्याय पालकांकडे असतो. मूल भाषेत, हाताच्या पकडीत किंवा एका जागी बसण्यात अजून कच्चे वाटत असेल, तर नर्सरीचा अर्ज भरण्याआधी बालरोगतज्ज्ञांशी आणि शाळेशी बोलून घ्यावे. आरटीईतून प्रवेश घ्यायचा असेल तर कमाल वयाची अटही त्याच वेळी तपासून घ्यावी.