पहारेकऱ्याचे दप्तर

वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीच्या पैलतीरी, आर्लिंग्टन येथे अमेरिकेची मोठी लष्करी दफनभूमी आहे. तेथील अज्ञात सैनिकाच्या समाधीपुढे एक शिपाई रात्रंदिवस पहारा देत असतो. २१ पावले चालावयाचे, समाधीकडे तोंड करून २१ सेकंद उभे राहावयाचे, पुन्हा वळून चालू लागावयाचे, हा क्रम उन्हापावसात खंडत नाही. १९३७ च्या जुलैपासून हा पहारा अहोरात्र आहे, आणि १९४८ च्या एप्रिलपासून तो थर्ड इन्फन्ट्री रेजिमेंटकडे आहे. १७८४ साली उभारलेल्या या पलटणीला ‘ओल्ड गार्ड’ म्हणतात. राष्ट्रीय समारंभांतील मानवंदना आणि लष्करी इतमामाचे अंत्यविधी हे तिचे नित्याचे काम. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अंत्ययात्रेतही तिचे शिपाई होते.

समाधीपुढे चालणाऱ्या शिपायाच्या गणवेशावर हुद्द्याची खूण नसते. आत निजलेल्याचा हुद्दा कोणासच ठाऊक नाही. तेव्हा राखणाऱ्याने त्याच्याहून वरचढ दिसू नये, असा संकेत आहे. प्रेक्षक छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. तो कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही. तो कोण हे सांगणारी वस्तू एकच, त्याची कागदपत्रांची फाईल. या फाईलविषयीच आम्हांस येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

तिच्यात भरतीचा अर्ज, शरीराची मोजमापे, बदल्या, बढत्या, शिक्षा, सन्मान आणि अखेरचा मुक्ततेचा दाखला असतो. शिपाई नोकरीत असेतो तिची कोणास फारशी आठवण नसते. पुढे वृद्धपणी औषधोपचार हवा असतो, विधवेस निवृत्तिवेतन मागावयाचे असते, कोणास लष्करी दफनभूमीत जागा हवी असते. तेव्हा पहिला प्रश्न येतो तो दाखल्याचा. समाधीच्या पहारेकऱ्यांना १९५८ पासून एक खास बिल्ला मिळतो. बिल्लेवाल्याने त्यास न शोभणारे वर्तन केले, तर नोकरी सुटल्यावरही तो परत घेतला जातो. म्हणजे कोणास कधी बिल्ला दिला याची यादी माणूस पलटण सोडून गेल्यावरही जपावी लागते.

सुटलेल्या सैनिकांच्या फायली मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराच्या एका उपनगरातील सरकारी इमारतीत ठेवीत असत. १९५० नंतरच्या दशकात ती इमारत उभी राहिली तेव्हा छतास पाण्याचे आपोआप सुटणारे फवारे बसवावे की नाही, याचा तज्ज्ञांत वाद होता. पाण्याने कागद नासतील या भीतीने ते बसवले नाहीत. १२ जुलै १९७३ रोजी सहाव्या मजल्यास आग लागली. तिचे कारण आजवर निश्चित ठरलेले नाही. बंबांनी मग पाण्याचा जो मारा केला, त्यापुढे फवाऱ्यांचे पाणी ते काय! वर कागद जळत होते आणि खालच्या मजल्यांवर भिजत होते.

त्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के त्यांत आल्या. समाधीपुढे अहोरात्र उभे राहिलेल्या पहिल्या पिढीचा काळ नेमका हाच. या कागदांची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मपटही घेतलेला नव्हता.

भिजलेले कागद जुलैच्या दमट उष्म्यात बुरशी धरतात. म्हणून ते खोक्यांत भरून त्याच शहरातील एका विमान कारखान्यात नेले आणि अवकाशयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात कोठीत वाळवले. अशा खटपटीने सुमारे ६५ लाख फायली हाती लागल्या, पुष्कळशा कडा करपलेल्या. उरलेल्यांची माहिती इतर कागदांतून जुळवीत बसावे लागते: पगाराच्या पावत्या, रुग्णालयांच्या नोंदी, निवृत्तिवेतन खात्याची प्रकरणे, आणि कंपनीचा रोजचा प्रातःकालीन अहवाल.

या अहवालाची एक मौज आहे. त्यात फरक तेवढा लिहीत: कोण नवा आला, कोण रजेवर गेला, कोण आजारी पडला. जो हजर, त्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. ज्याने वर्षभर एकही पहारा चुकवला नाही, त्याचा त्या वर्षभरात उल्लेखच सापडू नये, असे घडू शकते. तापाने पडलेला मात्र दप्तरात राहिला. म्हणून आमचे मत असे की, केंद्रीय दप्तर कितीही मोठे असले तरी पलटणीने आपली पटयादी, पहाऱ्याच्या पाळ्या आणि नावानिशी छायाचित्रे स्वतःकडे ठेवावीत, आणि घरच्यांनी मुक्ततेच्या दाखल्याची प्रत निराळ्या जागी ठेवावी. छायाचित्राच्या पाठीवर नाव लिहावयास पेन्सिलही पुरते. पण ते कोणी लिहीत नाही.

एवढीशी चिठ्ठी हरवल्याने काय होते, हे त्याच समाधीने दाखवून दिले आहे. ११ मे १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममध्ये अन लोक गावाजवळ लेफ्टनंट मायकेल ब्लासी या वैमानिकाचे विमान पडले. पुढे तेथे थोड्या अस्थी मिळाल्या, त्यांबरोबर त्याचे ओळखपत्रही मिळाले. पण वाटेत ते ओळखपत्र गहाळ झाले. अस्थींवरून काढलेला उंचीचा अंदाज आणि रक्तगट त्याच्या फाईलशी जुळेनात, तेव्हा १९८० मध्ये त्या अस्थींवरून त्याचे नाव उतरवण्यात आले. २८ मे १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत त्या व्हिएतनाम युद्धातील अज्ञात सैनिक म्हणून आर्लिंग्टनला ठेवल्या गेल्या. फाईल शाबूत होती, तपासणारे प्रामाणिक होते. फाईल आणि अस्थी यांना जोडणारा एक कागद तेवढा नव्हता.

त्यानंतर १४ वर्षे ओल्ड गार्डचे शिपाई त्याच्यापुढे चालत राहिले. घरच्यांनी पाठपुरावा केला, १९९८ च्या मेमध्ये कबर उघडली आणि त्याच्या आईच्या रक्ताशी अस्थींतील डीएनए ताडून पाहिल्यावर जूनअखेर नाव निश्चित झाले. जुलैमध्ये ब्लासीचे दफन त्याच्या गावी, सेंट लुईस येथील जेफर्सन बॅरॅक्स दफनभूमीत झाले. आर्लिंग्टनची ती कबर रिकामीच ठेवली आहे. तिच्यावरच्या शिळेवर आता बेपत्ता सैनिकांच्या सन्मानार्थ लेख कोरलेला आहे.